गाडी आमची लाडकी आहे

‘गाडी कशी आहे?’ या प्रश्नाला अकरा वर्षं माझं एकच उत्तर होतं : मस्त. ते खोटं नव्हतं. राहुड घाट ती कुरकुर न करता चढते, पेट्रोल बेताचं पिते, मागच्या सीटवर आईचे गुडघे अवघडत नाहीत. फक्त उन्हाळ्यात तासभर पळाली की कधीकधी बंद पडते. वीस मिनिटं थांबा, काही झालंच नाही अशी सुरू होते. क्रँक सेन्सर दोनदा बदलला, वायरिंग तपासलं. सटाणा नाक्यावरचे मिस्त्री म्हणाले, “सर, बिघाड माझ्यासमोर येतच नाही, तर पकडू कसा?”

मग आम्हीच बदललो. नाशिकला जायचं तर पहाटे पाचला निघायचं, चांदवडला चहा घ्यायचाच. तो थांबा चहासाठी नव्हे तर गाडीसाठी आहे, हे घरात कुणी बोलूनही दाखवत नाही आता.

गेल्या महिन्यात ती विकायला काढली. कॅम्पातला एक मुलगा बघायला आला. वडिलांना आठवड्यातून दोनदा उपचारासाठी नाशिकला न्यावं लागतं. संध्याकाळी मोसम पुलापर्यंत चक्कर मारली, गाडी झकास चालली. “सर, काही काम निघेल का?” मी म्हणालो, “एसीचा गॅस दरवर्षी भरावा लागतो. बाकी आमची लाडकी आहे.” त्याने टोकन दिलं.

एसीचं मी सांगितलं, आणि तिथंच गोम आहे. बारीक दोष स्वतःहून सांगितला की माणूस प्रामाणिक दिसतो आणि मोठ्याबद्दल कुणी विचारत नाही.

कायदा काय म्हणतो ते रात्री मोबाइलवर वाचलं. भारतीय करार कायदा, 1872, कलम 17 : नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नाही, बोलण्याचं कर्तव्य असेल तर गोष्ट वेगळी. उदाहरण घोड्याचं आहे. लिलावात सदोष घोडा विकताना मालक काही बोलला नाही, तर ती फसवणूक नव्हे. मला हायसं वाटलं. पण पुढच्याच उदाहरणात घोडा घेणारी मालकाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे, आणि तिला सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. घोडा तोच, दोषही तोच. फरक एवढाच, की मुलगी बापाच्या शब्दावर विसंबते.

या मुलाने मिस्त्री आणला नव्हता. का? तर ‘सर’ आहेत म्हणून.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, 2001मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विकणाऱ्याला खरं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं, आणि त्यातून सगळा बाजारच बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. पटतं. पण माझं दुखणं जरा वेगळं होतं. आपली गाडी खराब आहे, असं मला खरोखर वाटतच नव्हतं. अकरा वर्षांत दोषाचा स्वभाव झाला होता. घरच्या माणसाचा तापटपणा पाहुण्यांना आधी सांगतो का आपण? पण इथं पाहुणा चहा पिऊन जाणार नव्हता. आजारी माणसाला घेऊन हायवेवर उभा राहणार होता.

फोन केला, सगळं सांगितलं. चांदवडचा चहासुद्धा. “पहाटे निघालात तर त्रास नाही,” असंही वर म्हणालो, सवयीने.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, बाबांना वेळ दुपारचीच मिळालीये.”

टोकन परत केलं. गाडी दारातच आहे. दुसरं गिऱ्हाईक रविवारी येतंय, आणि बायको विचारतेय, त्यालाही चांदवडचं सांगणार का.