तीन वर्षे जास्त

गौरी-गणपती पाण्यात गेल्यावर दोनच दिवसांनी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. माधवनगरातलीच मुलगी, वडील यंत्रमागावर काम करतात. ती आता दूरच्या एका विद्यापीठात संशोधन करते, आणि तेही दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर! उन्हाळ्यात गाडीवरचा रंगीत गोळा एवढीच ज्या गावची बर्फाशी ओळख, त्या गावच्या पोरीने ही विद्या कुठून उचलली देव जाणे. ध्रुवप्रदेशांवरची एक परिषद गोव्यात भरायची होती आणि तीत निबंध मांडायला तिला बारा मिनिटे मिळाली होती. "सर, आधी तुम्हांला मराठीत सांगून बघते. तुम्हांला कळलं तर कुणालाही कळेल," ती म्हणाली. माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकपाशीच आटोपलेले असल्यामुळे हा मान मी निमूटपणे स्वीकारला.

"बर्फाची परिषद आणि गोव्यात?" असा प्रश्न घरातून आलाच. पण तो प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्याच मुरगाव बंदरातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरली. आजही वास्कोला ध्रुवविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. बाहेर माणसे घामाने भिजत असतात आणि आत शून्याखाली २० अंशांच्या खोल्यांत तिकडून आणलेले बर्फाचे दांडे जपून ठेवलेले असतात.

हे दांडे म्हणजे एक वहीच. दरवर्षी बर्फ पडतो, मागच्या वर्षीच्या बर्फावर बसतो, दाबला जातो. उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या थरांतले क्षार वेगळे, म्हणून झाडाच्या खोडातली वलये मोजावीत तशी वर्षे मोजता येतात. मोजणी चुकू नये म्हणून निसर्गाने मधूनमधून खुणाही करून ठेवल्या आहेत. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी १८१५ मध्ये फुटला, क्राकाताऊ १८८३ मध्ये. दोघांचेही आम्ल वाऱ्याबरोबर थेट अंटार्क्टिकाच्या बर्फात जाऊन बसले. दोन खुणांमध्ये ६८ वर्षे. आमच्या मुलीने थर मोजले, ते भरले ७१.

तीन वर्षे जास्त! एखाद्या वादळाने एकाच वर्षाचे दोन थर केले असतील, दांड्याचा तुकडा फुटला तिथे मोजणी घसरली असेल. नक्की काय झाले ते तिला सापडले नव्हते. तिचे मुख्य म्हणणे या तीन वर्षांनी कोसळत नव्हते, थोडेसे हलत होते. मार्गदर्शकांनी सांगितले होते, "बारा मिनिटांत हे कशाला? त्या पानाला काट मार." तिने ते पान काढले होते, आणि काढल्यापासून तिला झोप नव्हती.

"सर, खोटं तर मी काहीच सांगत नाही. नुसतं सांगत नाही, एवढंच. हे खोटं होतं का हो?"

आपल्याकडे या प्रश्नाला लगेच धर्मराजाचा रथ आठवतो. 'नरो वा कुंजरो वा' हे शब्द असत्य नव्हते. तरी जमिनीवर चार अंगुळे तरंगणारा रथ खाली टेकला. पण हा दाखला तिच्यापुढे टाकायला माझी जीभ रेटेना. धर्मराजाला द्रोणांना फसवायचेच होते, हिला कुणालाच फसवायचे नव्हते. शिवाय वगळण्याचे पाप माझ्याइतके कुणी केले असेल? कादंबरीकार तर वगळण्यावरच जगतो. माझ्या एका नायिकेची अकरा वर्षे मी दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत घालवली आहेत. वर्गातही रोज अर्धे सांगतो, अर्धे पुढच्या इयत्तेवर सोपवतो. मार्गदर्शकांचे बोलणेही अगदीच खोटे नव्हते. बारा मिनिटांत सगळे जग मावत नाही. १८९२ साली लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेकडे टिळकांनी वेदकालावरचा आपला 'ओरायन' निबंध पाठवला, तेव्हा लांबीमुळे परिषदेच्या वृत्तांतात त्याचा सारांशच छापला गेला. गाळावे तर लागतेच.

मग कुठले गाळणे निर्दोष आणि कुठले सदोष? मी उत्तर शोधत होतो तेव्हा मला २०१९ चा ऑगस्ट आठवत होता.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ४५ फुटांवर गेली की धोका. त्या वर्षी पाणी चढत होते आणि नदीकाठच्या आमच्या मेहुणीचा फोन आला, "भावोजी, निघू का?" मी म्हणालो, "२००५ च्या वर पाणी जायचं नाही. घाबरू नका." हे मला पेठेतल्या एकाच गृहस्थाने सांगितले होते आणि त्याला कुणी सांगितले ते मी विचारलेही नव्हते. धरणातून किती पाणी सुटले याचा मला पत्ता नव्हता. मी खोटे एक अक्षर बोललो नाही. माझ्या खात्रीचा पाया केवढा, तेवढे सांगायचे राहिले. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. दोन दिवस ती माणसे वरच्या मजल्यावर अडकून होती, म्हातारी सासू तापाने फणफणलेली. अखेर नावेतून उतरली. मेहुणीने मला आजवर बोल लावलेला नाही, म्हणून ते अधिकच सलते.

हे सगळे मी मुलीला सांगितले. ऐकणारा माझ्या शब्दावर भार टाकून पाऊल उचलणार असेल, तर फळी कुठे कुजकी आहे ते त्याला ठाऊक हवे, असे काहीसे मी बोललो. मग तिनेच मला तिच्या शास्त्रातली एक गोष्ट सांगितली.

अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थराचे मोजमाप नासाचा निंबस-७ हा उपग्रह १९७८ पासून करीत होता. मोजण्याच्या एककात १८० च्या खाली आकडा गेला की यंत्रणा त्याच्यावर संशयाची खूण करी. अशा खुणा वाढू लागल्या. १९८४ मध्ये शास्त्रज्ञांनी पडताळ्यासाठी दक्षिण ध्रुवावरच्या ठाण्याचे आकडे पाहिले, तर तिथे ३००! मग चूक उपग्रहाची असणार असेच कुणालाही वाटेल. पण चूक निघाली जमिनीवरच्या त्या मोजणीत. नासातले पवन भारतिया यांनी हे आकडे प्रागच्या परिषदेत मांडण्यासाठी सारांश धाडला. परिषद १९८५ च्या ऑगस्टमध्ये होती. तोवर मे महिन्यातच फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हॅली ठाण्यावरच्या जुन्या यंत्राने, १९५७ च्या सुमारापासून चाललेल्या मोजणीच्या आधारे, ओझोनच्या विवराची बातमी जगाला दिली होती. संगणकाने ते आकडे फेकून दिले अशी दंतकथा पुढे पसरली. पण खूण केलेले आकडे कुणी पुसले नव्हते, म्हणून तर ते परत पाहता आले.

"म्हणजे तुझी तीन वर्षंही खूण करून ठेव," मी म्हणालो.

"ठेवलीच आहेत, सर. माझ्या वहीत आहेत. प्रश्न लोकांपुढे ठेवण्याचा आहे." तिचे म्हणणे खरे होते. मार्गदर्शक नाराज झाले तर पुढच्या शिष्यवृत्तीचे पत्र कोण देणार? तिच्या घरचा माग दुसऱ्याच्या मालकीचा आहे. तत्त्वज्ञान सांगणाऱ्याचा पगार दर महिन्याला जमा होतो, हे मला त्या वेळी फार टोचले. म्हणून 'दाखव' असे मी तिला सांगितले नाही. कपाटातून टिळकांचे ध्रुवावरचे पुस्तक काढून तिच्या हातात दिले. 'आर्क्टिक होम इन द वेदाज'चे हस्तलिखित १८९८ च्या अखेरीस तयार होते, पुस्तक निघाले १९०३ मध्ये. भूगर्भशास्त्रासारख्या विषयांत आपण उपरे आहोत, तिथले नवे शोध आपल्याला नीट कळले आहेत की नाही याची धाकधूक होती म्हणून थांबलो, असे त्यांनी प्रस्तावनेत लिहिले आहे. ध्रुवाजवळ आर्यांचे मूळ घर होते, हा सिद्धांत आज विद्वान मानत नाहीत. मला मात्र ती प्रस्तावना सिद्धांतापेक्षा मोठी वाटते. सारा देश ज्यांच्या शब्दावर विसंबून होता त्यांनी आपला कच्चा कोपरा स्वतःच्या हाताने उघडा करून दाखवला होता.

ती ते पान दोनदा वाचून गेली. मिरजेहून रात्री गोव्याची गाडी होती.

चौथ्या दिवशी वास्को स्टेशनवरून तिचा फोन आला. अकराव्या मिनिटाला तिने ते पान दाखवले होते. पुढच्या रांगेतले एक वयस्कर शास्त्रज्ञ नेमके त्यावरच उठले आणि प्रश्नांची सगळी वेळ त्या तीन वर्षांनी खाल्ली. ज्या निष्कर्षावर तिने दोन वर्षे घालवली त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मार्गदर्शक चहाच्या वेळी दुसऱ्या टेबलावर बसले.

"वाईट वाटलं का ग?"

"वाटलं, सर." थोडा वेळ नुसता गाड्यांचा आवाज येत राहिला. "त्या आजोबांनी त्यांच्याकडच्या दुसऱ्या दांड्याची मोजणी पाठवतो म्हणून सांगितलंय. तीही चुकलेली निघाली तर मजा येईल."

मोजणी अजून आलेली नाही. शिष्यवृत्तीच्या पत्राचेही काही कळले नाही. दिवाळीला ती येणार आहे. मेहुणीकडची मंडळीही या वर्षी आमच्याकडेच आहेत. पुस्तक परत आणायला मी तिला बजावले आहे.