तिसऱ्या खेपेस पाळी येते काय?

उपासना आटोपल्यावर मंडळीतील एका भगिनीने आम्हांला विचारले, "मुलाने दोनदा 'नीट' दिली. बावीसांत एकाला डॉक्टरीची जागा मिळते म्हणतात. दोनदा हुकली, आता तिसऱ्या खेपेस तरी त्याची पाळी येईल ना?"

"येईल, धीर धरा" असे म्हणणे सोपे होते. पण ते खरे झाले असते काय?

आकडा खोटा नाही. २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेस बसले आणि एम.बी.बी.एस.च्या जागा एक लाखाहून थोड्या अधिक होत्या. परंतु हा हिशेब साऱ्या समुदायाचा आहे, एका मुलाचा नव्हे. येथे चिठ्ठ्या टाकीत नाहीत. ७२० पैकी मिळालेल्या गुणांवर क्रमांक लागतो. ६८० गुणांच्या मुलाला आणि ३०० गुणांच्या मुलाला एकच आकडा कसा लागू पडेल? शिवाय राज्यांच्या सरकारी महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा त्या त्या राज्याच्या, त्यांतही प्रवर्ग निराळे. खासगी महाविद्यालयाची फी पुष्कळ घरांना झेपत नाही. म्हणजे ज्याची त्याची रांग वेगळी. पसंतीच्या यादीत शंभर महाविद्यालये लिहिली तरी संधी शंभरपट होत नाही, कारण सगळीकडे तोच क्रमांक पाहतात. आणि मागची अपयशे मोजून कोणाची पाळी लागत नाही.

म्हणून आम्ही त्या भगिनीस म्हणालो, "दोन वर्षांत त्याचा क्रमांक किती वर आला ते पाहा. आपल्या राज्यात, त्याच्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकाला मिळाला तेही पाहा. नुसते गुण पाहू नका. पेपर सोपा-अवघड असेल तसे ते बदलतात. अंतर थोडे असेल तर आणखी एक वर्ष द्यावे. फार असेल तर, हे वर्ष तू कोणासाठी देणार, असे त्याला प्रेमाने विचारा."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे त्याला अजून कोणी विचारलेच नाही."

संडे स्कूलच्या शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्या वर्गातली मुले उद्या याच रांगेत उभी राहतील. त्यांना आकड्याने भिववू नये, तसेच खोट्या आशेने झुलवूही नये. जागा किती असाव्यात हे शासन ठरविते. मुलाचे मोल त्या संख्येने ठरत नाही. उरलेले एकवीस जणही आपलीच लेकरे आहेत.