‘हो’ म्हटल्यानंतरचा काळ

सावकाश बसा. श्वास आपल्या गतीने चालू द्या. आता एक साधा व्यवहार डोळ्यांसमोर आणा. एका खात्यातून ५,००० रुपये वजा व्हायचे आहेत आणि दुसऱ्या मशीनवरच्या, वेगळ्याच डेटाबेसमधल्या खात्यात जमा व्हायचे आहेत. दोघांमध्ये आहे टक्सिडो, असे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर. १९८३ मध्ये एटी अँड टीच्या बेल लॅब्समध्ये जन्मलेलं आणि आज ओरॅकलकडे असलेलं.

आधी ही यंत्रणा उठताना पाहा. यूबीबीकॉन्फिग नावाची मजकुराची फाइल आहे. मशीन कोणती, गट कोणते, कुठला सर्व्हर कुठे, हे सगळं तिच्यात लिहिलेलं. टीएमलोडसीएफ तिचं बायनरी रूप तयार करतो, टीएमबूट सगळ्यांना चालू करतो. पुढे चला.

व्यवहार पक्का करायची वेळ आली की टक्सिडोमधला समन्वयक दोन्ही डेटाबेसना विचारतो, तयार आहात का? इथे थांबा. घाई नको.

डेटाबेस लगेच ‘हो’ म्हणत नाही. आधी तो सगळे बदल आपल्या लॉगमध्ये, डिस्कवर उतरवतो. तोवर त्याला माघार घेता येते. ‘हो’ म्हटलं की तो हक्क संपला. आता त्याला एकट्याने व्यवहार पूर्णही करता येत नाही आणि रद्दही करता येत नाही. बदललेल्या ओळींवरची कुलुपं त्याच्याच हातात राहतात. वीज गेली आणि परत आली, तरी लॉग वाचून तो पुन्हा याच जागी येतो. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये आधी विचारणा, मग निर्णय अशी ही दोन टप्प्यांची रीत मांडली, तिचा सगळा भार ‘हो’ या एका शब्दावर आहे. मला या शब्दाबद्दल फार आदर वाटतो.

आता कल्पना करा, नेमकं याच क्षणी नेटवर्क तुटलं. एक डेटाबेस अधांतरी आहे. मन त्याच्यावरून काढा आणि समन्वयकाच्या टीलॉगकडे, म्हणजे व्यवहारांच्या नोंदवहीकडे, न्या. सगळ्यांचा होकार आला की समन्वयक इथे नोंद करतो. नोंद असेल तर व्यवहार पूर्ण करायचा. रद्द करायच्या व्यवहाराची इथे नोंदच होत नाही. निर्णय इथेच झालेला असतो, बाकी सगळीकडे फक्त तो कळायचा असतो. म्हणून टीलॉगची जागा भक्कम डिस्कवर हवी. रोजचे जुने यूलॉग, म्हणजे संदेशांच्या नोंदींच्या फाइल, पुसणारी स्क्रिप्ट तिच्या आसपासही फिरकता कामा नये.

तेवढ्यात फोन वाजू लागतात. रांगा वाढतात, कुलुपांमुळे इतर कामं अडकतात. टीएमअ‍ॅडमिन हे टक्सिडोचं व्यवस्थापनाचं साधन उघडं आहे, व्यवहार हाताने पूर्ण किंवा रद्द करणाऱ्या कमिटट्रान्स आणि अबॉर्टट्रान्स या आज्ञा हाताशी आहेत. बोटांतली घाई ओळखा. टीलॉग न पाहता अंदाजाने एका गटावर निर्णय लादला, तर एका खात्यातून पैसे गेलेले आणि दुसऱ्यात न आलेले, असंही होऊ शकतं. समन्वयक परत येणार असेल तर त्याला येऊ द्या. तो टीलॉग वाचतो आणि अर्धवट राहिलेलं काम स्वतःच पुढे नेतो.

मशीन परत येणारच नसेल तर? तेव्हा गट दुसऱ्या मशीनवर हलवताना डम्पटीलॉगने नोंदी काढून लोडटीलॉगने तिकडे चढवाव्या लागतात. हे रात्री दोन वाजता कोण करणार, ते आजच ठरवा, आणि एकदा त्याच्याकडून करून घ्या.