दीड हजाराचा मुशाहिरा

मत्तयाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याचा जो दृष्टांत आला आहे, तो वाचताना माझ्यासारख्या कारकुनी घराण्यात वाढलेल्या माणसाचे मन दरवेळी एकाच ठिकाणी अडखळते. पहाटे कामावर आलेला, भर दुपारी आलेला आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेला, अशा साऱ्याच मजुरांच्या हातावर धनी एकेक दिनार ठेवतो. पहाटेचे मजूर कुरकुरू लागतात, तेव्हा ठरलेली मजुरी तुम्हांला पोचली आहे, मग माझ्या औदार्याने तुमचे काय गेले, अशा अर्थाचे उत्तर देऊन तो त्यांना वाटेला लावतो. ज्याने हजेरीपट सांभाळला आहे त्याला हा हिशेब सहसा पटत नाही. रस्किनने आपल्या अर्थशास्त्रविषयक निबंधांचे नाव याच दृष्टांतातून घेतले आणि गांधीजींनी १९०८ साली त्या निबंधांचा सारांश ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत उतरवला, त्यामुळे त्या मळ्यातली कुरकुर आपल्या ओसरीपर्यंत येऊन पोहोचली खरी. परंतु वेतन हे केलेल्या कर्माचे फळ म्हणावे, की देणाऱ्याची कृपा म्हणावी, हा पेच मात्र जिथल्या तिथे राहिला.

या पेचाकडे मला पुन्हा वळवले ते एका इटालियन फुटबॉलपटूने. दामियानो तोम्मासी १९७४ साली वेरोनाजवळच्या नेग्रार गावी जन्मला, आणि नेग्रार वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्यांत, म्हणजे ऐन द्राक्षांच्या मुलखात आहे, हा योगायोग माझ्याने सोडवत नाही. वेरोनाच्या संघातून १९९६ मध्ये तो रोमाकडे गेला व तेथे दहा वर्षे राहिला. त्याची जागा मधल्या फळीत. आणि त्या फळीतही चेंडू पायाशी येताच साऱ्या मैदानाची मांडणी पालटून टाकणारे जे थोडे असतात त्यांतला तो नव्हता, तर तो चेंडू आपल्या माणसाच्या पायाशी यावा म्हणून प्रतिपक्षाच्या मागे अखंड धावणाऱ्यांतला होता. २००१ मध्ये फाबियो कापेल्लोच्या हाताखाली रोमाने आपले तिसरे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा लोकांच्या तोंडी नावे होती ती तोत्तीची आणि बातिस्तुताची. धावणाऱ्याचे नाव घरच्या प्रेक्षकांनी ठेवले ते निराळेच, ‘आनिमा कांदिदा’, म्हणजे निर्मळ जीव. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती हे रोमकरांनाच ठाऊक.

फळ हातात येता येता काढून घेतले जाणे म्हणजे काय, हे त्याने २००२ च्या विश्वचषकात अनुभवले. दक्षिण कोरियातील देजॉन येथे यजमानांशी बरोबरी होऊन सामना वाढीव वेळेत गेला होता, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे तेथे पहिला गोल करील तो संघ तत्क्षणी जिंकणार होता. तोम्मासीने चेंडू जाळ्यात धाडला. निशाण वर गेले, ऑफसाइड ठरले. चित्रफीत पाहणाऱ्या पुष्कळांना तो निवाडा आजही चुकीचा वाटतो. थोड्याच वेळात कोरियाने गोल केला आणि इटली घरी परतली. गीतेवर प्रवचन करणाऱ्याला याहून सोयीचे उदाहरण सापडणार नाही, पण सोयीच्या उदाहरणांचा मला जरा धाक वाटतो.

अधिक बिकट प्रसंग पुढे आला. जुलै २००४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक सिटीशी झालेल्या एका सरावसामन्यात त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध असे काही तुटले की पुन्हा खेळणे होईल की नाही हीच शंका उत्पन्न झाली. वर्षभराने कराराची मुदत संपली, तेव्हाही पाय पूर्ववत झाला नव्हता. त्या वेळी त्याने रोमाशी जो नवा करारनामा केला त्यात दरमहा सुमारे १५०० युरो एवढाच मुशाहिरा लिहिला होता; खेळाडूंच्या सामूहिक करारात ठरलेले, कोवळ्या उमेदवारांना मिळणारे ते किमान वेतन होते.

वर्तमानपत्रांनी याला त्याग म्हटले. तात्काळ प्रत्युत्तरही ऐकू येते की, ज्याने कित्येक वर्षे गडगंज पगार घेतला त्याने एक वर्ष दीड हजारावर काढले तर त्यात थोरवी कसली? हा आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. पोटभर जेवलेल्याच्या एकादशीला उपाशी माणसाच्या उपासाचे पुण्य लाभत नाही, हे आमच्या आजीलाही कळत होते. परंतु आक्षेपक आणि स्तुतिपाठक दोघेही त्या रकमेकडे फळ म्हणूनच पाहतात, आणि दोघांचीही चूक तेथेच होते असे मला वाटते. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत मोहाने नियत कर्म सोडणारा तामस, देहाच्या क्लेशाला भिऊन सोडणारा राजस, आणि कर्म करीत राहून आसक्ती व फळ सोडणारा सात्त्विक. तिन्ही ठिकाणी कर्म माणसाच्या हाताशी आहे, असे गृहीत धरलेले आहे. ज्याचा गुडघाच गेला त्याने सोडायचे काय आणि करायचे काय? कराराविना खेळाडूचे नाव संघाच्या पटावर राहत नाही, आणि पटावर नाव नसले तर बऱ्या झालेल्या पायालाही मैदान नाही. तेव्हा त्या १५०० युरोंना मी मागच्या कर्माची मजुरीही म्हणत नाही आणि धन्याची कृपाही म्हणत नाही; कर्माच्या दारात उभे राहण्यासाठी लागणारी कमीत कमी नोंद, एवढेच त्यांचे स्वरूप होते. जे काम त्याने केले नव्हते त्याचे दाम त्याने घेतले नाहीत, पण दाम मुळीच न घेऊन तो संघाचा आश्रितही झाला नाही. ऑक्टोबर २००५ च्या अखेरीस, अस्कोलीविरुद्ध, तो पुन्हा मैदानात उतरला.

पुढे तो स्पेन, इंग्लंड, चीन असा फिरला; ती हकीकत येथे सांगण्याचे कारण नाही. मला महत्त्वाचे वाटते ते २०११ साल, कारण त्या वर्षी इटालियन खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झालेल्या या माणसाने ऑगस्टमध्ये संप पुकारला आणि सेरी आ या इटलीच्या वरिष्ठ साखळीची पहिलीच फेरी पुढे ढकलावी लागली. कोट्यधीशांचा संप म्हणून अनेकांनी त्याची हेटाळणी केली, आणि करभरणीचाही वाद त्यात गुंतला असल्यामुळे हेटाळणी करणे सोपेही होते. पण वादाचे एक मुख्य कलम असे होते की, नको झालेल्या खेळाडूला पगार चालू ठेवून संघाबाहेर एकटे सराव करायला लावण्याची मुभा संघमालकांना असावी काय. मालकांचे म्हणणे, पैसे पोचतात ना, मग तक्रार कसली? तोम्मासीच्या बाजूचे म्हणणे, पैसे पोचले म्हणून काम काढून घेता येत नाही. सहा वर्षांपूर्वी काम टिकावे म्हणून ज्याने पगार सोडला होता, तोच आता पूर्ण पगार मिळणाऱ्यांसाठी काम मागत होता; आणि स्वतःचा मुशाहिरा कमी करून घेतला म्हणून दुसऱ्यांनीही करावा, असा आग्रह त्याने धरला नाही, ही गोष्ट मला त्या दीड हजारापेक्षा मोठी वाटते.

हे ध्यानात आल्यावर मी तो दृष्टांत पुन्हा उघडला, आणि इतकी वर्षे दिनारावर खिळलेली माझी नजर प्रथमच एका वेगळ्या ओळीवर गेली. दिवस कलताना धनी चौकात उभ्या असलेल्या माणसांना विचारतो की, तुम्ही दिवसभर येथे रिकामे का उभे आहात. आणि ते सांगतात की, आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. पहाटेचे मजूर त्यांच्या हातातल्या दिनाराकडे पाहून कुरकुरले. दिवसभर चौकात काम नसता उभे राहणे कसे असते, हे त्यांना कोणी विचारले नाही, आणि मीही कधी विचारले नव्हते.

२०१५ च्या उन्हाळ्यात, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, तोम्मासी सान मारिनोच्या ला फिओरिता या चिमुकल्या संघाकडून युरोपा लीगच्या पात्रताफेरीत खेळला.