प्रेषित पौल : एका पंगतीचा आग्रह

पौल येशूच्या बारा शिष्यांपैकी नव्हता. येशूच्या हयातीत त्या दोघांची भेट झाल्याचा उल्लेखही कुठे सापडत नाही. तरीही यहुदी समाजातल्या एका लहानशा पंथाची दारे इतर समाजांना खुली करण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

आजच्या तुर्कस्तानातले तार्स हे त्याचे जन्मगाव आणि शौल हे त्याचे यहुदी नाव. तो बेन्यामीन वंशातला, परूशी पंथाचा. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथानुसार तो जन्माने रोमन नागरिक होता, यरुशलेमात गमलिएलापाशी शिकला होता आणि तंबू बनवण्याचा धंदा त्याला येत होता. येशूच्या अनुयायांचा त्याने आधी कडवा छळ केला. येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडमार झाली, तेव्हा मारणाऱ्यांनी अंगावरची वस्त्रे पौलाच्याच पायांशी ठेवली होती. पुढे इ.स. 30 ते 40 या दशकात दिमिष्काजवळ आपल्याला पुनरुत्थित येशूचे दर्शन झाले, असे तो सांगू लागला. या दर्शनाने त्याच्या आयुष्याची दिशा पालटली. परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, सुवार्ता सांगणे हेच आपले काम, असे त्याने मानले.

या कामातून मोठा वाद उभा राहिला. परराष्ट्रीयांनी येशूच्या अनुयायांच्या मंडळीत येण्यासाठी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळावे का? इ.स. 49 च्या सुमारास यरुशलेमात याकोब, पेत्र व इतर पुढाऱ्यांसमोर हा प्रश्न आला आणि सुंतेची सक्ती नको असे ठरले. पण तत्त्व मान्य होणे वेगळे आणि ताटाला ताट लावून बसणे वेगळे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. याकोबाकडची माणसे आली तसा तो बाजूला झाला. पौलाचा सहकारी बर्णबाही पेत्राच्या मागे गेला. पौलाने सर्वांदेखत पेत्राला तोंडावर जाब विचारला. जेवणापुरता पाळलेला भेदही श्रद्धेच्या गाभ्यालाच धक्का देतो, ही त्याची भूमिका होती.

करिंथात भेदाचे रूप निराळे होते. तेथे तो अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू शिवून पोट भरी आणि शब्बाथाला सभास्थानात वाद घाली. प्रांताधिकारी गल्लियो याच्यासमोर त्याला येथेच उभे करण्यात आले. डेल्फी येथील शिलालेखावरून गल्लियोचा कार्यकाळ इ.स. 51-52 च्या आसपासचा ठरतो. पौलाच्या चरित्राचा कालक्रम लावताना अभ्यासक याच धाग्याचा आधार घेतात. पौल करिंथ सोडून गेल्यावर तिथल्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी सुखवस्तू लोक आधीच जेवून घेत, काही तर मद्याने धुंद होत आणि गरीब उपाशी राहत. पत्रातून त्याने त्यांना खडसावले : एकमेकांसाठी थांबा. भुकेल्याला लाजवणारे जेवण त्याच्या लेखी प्रभूचे भोजन नव्हतेच.

गुलामगिरी मोडून काढावी, असे मात्र त्याने कुठे म्हटलेले नाही. फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात अनेसिम या त्याच्या दासाला त्याने ‘प्रिय बंधू’ म्हणून स्वीकारायला सांगितले. दास्याची चौकट त्याने तशीच राहू दिली, पण मालक आणि दास यांना एका नात्यात आणून बसवले.

परराष्ट्रीय मंडळ्यांनी यरुशलेमातल्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी घेऊन तो शेवटचा यरुशलेमास गेला. परक्याला मंदिराच्या आतल्या भागात आणल्याचा आळ घेऊन लोकांनी तेथे त्याला धरले. हद्द ओलांडणाऱ्या परक्याला मरण ओढवेल, अशी ग्रीक ताकीद त्या मंदिरात कोरलेली होती. 1871 मध्ये सापडलेला तो दगड आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. कैसरियात दोन वर्षे कैदेत काढल्यावर पौलाने रोमन नागरिक म्हणून थेट कैसराकडे दाद मागितली. रोमच्या वाटेत माल्टाजवळ जहाज फुटले. रोमला पोचल्यावर तो दोन वर्षे पहाऱ्यात भाड्याच्या घरात राहिला. ‘कृत्ये’ तेथेच संपते. नीरोच्या काळात त्याचा शिरच्छेद झाला, असे परंपरा सांगते.

नव्या करारात त्याच्या नावे 13 पत्रे आहेत. त्यांतली सात निःसंशय त्याचीच, यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. ही सात पत्रे शुभवर्तमानांच्याही आधीची आहेत. त्याने ती शास्त्रग्रंथ रचायचा म्हणून लिहिली नाहीत. त्या त्या गावच्या भांडणांवर, रुसव्यांवर आणि शंकांवर ती दिलेली उत्तरे होती. कोण कोणाबरोबर बसणार, हा प्रश्न त्यांत वारंवार येतो. यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत, असे गलतीकरांना कळवताना पौलापुढे अशीच खरीखुरी, एकमेकांशी फटकून वागणारी माणसे होती. म्हणूनच त्याचा विचार माणसांच्या रोजच्या वागण्याला जाऊन भिडतो.