एका वेळी एकच संकल्प



नववर्षाच्या मिस्साला आपण किती संकल्प केले होते! दारू सोडू, रोज रोझरी म्हणू, बोलणे तुटलेल्या भावाच्या दारी जाऊ. आता जुलै संपत आला. त्यांतले किती उरले? आम्ही धर्मगुरूही ह्यातून सुटलेलो नाही.

येत्या ३१ जुलै रोजी ज्यांचा सण आहे, ते संत इग्नाशियस लोयोला १५२३ साली जेरुसलेमला गेले. जन्मभर तेथेच राहायचे त्यांनी ठरवले होते. परंतु तशी परवानगी मिळाली नाही. ते परतले, पण खचले नाहीत. लोकांच्या आत्म्यांची सेवा करायची तर शिक्षण हवे, हे ओळखून तिशी उलटलेले हे माजी सैनिक बार्सिलोनात मुलांसोबत लॅटिन शिकू लागले. वाट बदलली, ध्येय तेच राहिले.

आध्यात्मिक साधनेच्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक साधा उपाय दिला आहे. एका वेळी एकच दोष निवडावा. सकाळी उठताच तो टाळण्याचा निश्चय करावा. दुपारी व रात्री स्वतःला तपासावे आणि जितक्या वेळा घसरलो, तितक्या खुणा कागदावर कराव्यात. मग आजच्या खुणा कालच्यांशी ताडून पाहाव्यात.

एक खूण कमी झाली, तरी ती देवाची कृपाच! भावाच्या दारी जाणे आज जमत नसेल, तर उद्या तो वाटेत भेटल्यावर मान फिरवायची नाही, एवढे तरी आपण ठरवू या. प्रभू आपल्याला बळ देवो.