घसारा

बी.कॉम.ला आम्हाला घसारा नावाचं एक प्रकरण होतं. यंत्राच्या किमतीतून दरवर्षी ठराविक टक्के वजा करायचे आणि यंत्र झिजलं असं समजायचं. यंत्राकडे बघायची गरज नाही. या हिशेबानं बोरीच्या घरी उभी असलेली वडिलांची जीप केव्हाच शून्याला पोचली होती. (घटत्या शिलकीच्या पद्धतीनं ती शून्याला कधीच पोचत नाही, असं कोणी जाणकार म्हणेल. त्यानं एकदा येऊन जीप बघावी.)

बोरी म्हणजे परभणी-जिंतूर रस्त्यावरचं आमचं गाव. जमीन काळीभोर. ही माती पावसाळ्यात चाकाला धरते ती सोडायचं नाव घेत नाही. 1970 सालच्या त्या जीपच्या चॅसीच्या पोकळीत ती ओल धरून बसली होती, वर्षानुवर्षं, घरजावयासारखी. यंदा दादाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी जीप विकायचं ठरलं. पुण्याचे एक हौशी गृहस्थ तयार झाले. आणि बँकेत असलेल्या माणसाला व्यवहार कळतो, या गैरसमजातून मला बोलावणं आलं.

मिस्त्रीनं जीपखाली शिरून स्क्रूड्रायव्हरनं चॅसीला टोचलं. भाकरीच्या पापुद्र्यातून बोट जावं तसा तो आरपार गेला.

"सायेब, दोन रस्ते हायेत," तो खालूनच बोलला. "पुटी भरून काळा कलर मारतो. गिऱ्हाईकाच्या बापाला कळायचं नाही. नाहीतर कापावं लागंल."

आता तुम्हीच सांगा, पहिला रस्ता कोणाला आवडणार नाही? खर्च कमी, वेळ कमी, आणि पाप मिस्त्रीच्या नावावर. पण गंज ही मोठी लबाड चीज आहे. अ‍ॅल्युमिनियमवर थर धरतो तो खालच्या धातूला राखतो तरी. लोखंडाचा गंज फुगतो, सुटून पडतो आणि आतलं ताजं लोखंड हवेपाण्याला उघडं करून देतो. वरून पुटी लावली की ओल आत कोंडते आणि काम निवांत चालू राहतं. आमच्या धंद्यात (सर्वसाधारण म्हणतो आहे, आमच्याच शाखेत असं नव्हे) थकलेलं कर्ज 31 मार्चच्या आत नवं कर्ज देऊन फेडून घेतात, त्याला पुटी म्हणत नाहीत एवढंच. त्या कागदांवर मीही सह्या केल्या आहेत. ती पुटी पुढे कोणाच्या अंगावर पडली, हे बघायला मी कधी गेलो नाही. इथे मात्र पुण्याचा माणूस बायकापोरांना घेऊन जीपमध्ये बसणार होता.

मी म्हटलं, "काप."

पेट्रोलची टाकी उतरवली, बॅटरी सोडली. चॅसी सरकू नये म्हणून आडवे लोखंडी तुकडे टाकून तिला बांधली. टेपनं दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे नसले तर गाडी जन्मभर एका अंगानं चालते. मग चकचकीत धातू लागेपर्यंत कापायचं, तेवढ्याच जाडीची पट्टी वेल्ड करायची, वर जस्ताचा प्रायमर, पोकळीत मेण. पाणी जायची भोकं मात्र बुजवायची नाहीत. जस्ताचा गुण असा, की लोखंडाच्या आधी ते स्वतः झिजतं. दादा सातवीतून शाळा सोडून शेतात उतरला आणि मी कॉमर्सला गेलो. मिस्त्री जस्ताबद्दल सांगत असताना मी उगाच टेप गुंडाळत बसलो.

मग खरा पेच आला. थिसियसच्या जहाजाच्या कुजक्या फळ्या एकेक बदलल्यावर जहाज तेच राहिलं का, यावर ग्रीक पंडित भांडत बसत, असं प्लुटार्कनं लिहून ठेवलं आहे. आमच्या आईच्या गोधडीबद्दल हा प्रश्न कोणी विचारला नाही. थंडी वाजत असली की तत्त्वज्ञान सुचत नाही. पण सरकारला सुचतं. 2021 च्या नियमानं 50 वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी. अट अशी, की गाडीत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे गंजलेली चॅसी ठेवली तर मूळ, आणि माणसं वाचावीत म्हणून दुरुस्त केली तर ती मूळ की फेरबदल, यावर साहेबाशी वाद! सुदैवानं नंबर कोरलेला तुकडा शाबूत होता. त्याला मिस्त्रीनं हातसुद्धा लावला नाही.

पुण्याचे गृहस्थ आले. भोवती दोनदा फिरले, बॉनेटवर हात फिरवला.

"सगळं ओरिजिनल आहे ना?"

"कागदपत्रं अगदी क्लिअर आहेत," मी म्हटलं. वीस वर्षांची नोकरी अशा वेळी उपयोगी पडते.

खुर्चीवर पाय लांब करून बसलेल्या दादानं माझ्याकडे पाहिलं. "बापू, बॅटरी आण. पाव्हण्यायला खाली घेऊन जा. कुठं कुठं जोडलंय ते दाखव."

पांढऱ्या शर्टानिशी मी जीपखाली आडवा झालो आणि शेजारी ते गृहस्थ. एकेका जोडावर मी उजेड पाडत गेलो. एकूण सात निघाले. सातवा मलाही माहीत नव्हता, तो वडिलांच्या वेळचा असावा. गृहस्थांनी त्यावरून बराच वेळ बोट फिरवलं. बाहेर येऊन, चहा घेऊन, त्यांनी अकरा हजार कमी केले आणि जीप नेली.

शर्टवरचे काळ्या मातीचे डाग अजून गेलेले नाहीत.